फंड काढा, पण पेन्शनची वर्षं विकू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

निवृत्तीच्या नियोजनावर आपल्या अंकात वरचेवर लेख येतात आणि मी ते मन लावून वाचते. तिशीत सुरुवात करा, दरमहा अमुक रक्कम बाजूला टाका, साठीला इतके कोटी होतील, असं त्यांत असतं. महिन्याअखेर ज्यांच्या हातात काही उरतं त्यांना त्याचा उपयोग होत असणार. पण ज्यांच्या हातात काही उरत नाही, त्यांचीही नोकरी एक दिवस संपते. कारखान्यातल्या माणसासाठी कायद्यानं केलेली एक तरतूद आहे, प्रॉव्हिडंट फंडाला जोडलेली पेन्शन. ती त्याच्या नावावर महिन्याच्या महिन्याला जमत असते आणि पुष्कळ जण ती स्वतःच्या सहीनं घालवून बसतात. त्याविषयी कोणी लिहीत नाही, म्हणून हे पत्र.

मी शिरोली औद्योगिक वसाहतीतल्या एका फाउंड्रीत टाइम ऑफिसला होते. हजेरी, पगारपत्रक, फंडाची चलनं, नोकरी सोडणाऱ्याचा हिशेब, हे सगळं माझ्या टेबलावरून जायचं. निवृत्त झाले तरी ओळखीची माणसं कागद घेऊन घरी येतात. मोल्डिंगमधले, फेटलिंगमधले, कोअर शॉपमधल्या बायका. कधी त्यांची मुलं येतात, मोबाइल पुढे करतात आणि म्हणतात, "मावशी, बाबांची पेन्शन का दिसत नाही ते बघा की." बघितलं की बहुतेकदा एकच गोष्ट दिसते. माणसानं वीस-बावीस वर्षं काम केलेलं असतं आणि खात्यावर सेवा निघते सात वर्षांची. बाकीची वर्षं कुठं गेली? तर ती त्यानं दोन नोकऱ्यांच्या मध्ये काढून घेतलेली असतात.

काढून घेतली म्हणजे काय, ते नीट सांगते. आपल्या मूळ पगार आणि महागाई भत्त्यातून १२ टक्के कापले जातात, ते सगळे फंडात जातात. मालकही तेवढेच भरतो, पण त्याच्या वाट्यातले ८.३३ टक्के पेन्शनकडे वळतात आणि उरलेले ३.६७ टक्के फंडात. पेन्शनच्या हिश्शात केंद्र सरकार आणखी १.१६ टक्के घालतं. ही १६ नोव्हेंबर १९९५ पासूनची कर्मचारी पेन्शन योजना. तिच्यासाठी पगार धरतात तो ठरावीक मर्यादेपर्यंतच. ही मर्यादा आधी ५,००० होती, जून २००१ पासून ६,५०० आणि १ सप्टेंबर २०१४ पासून १५,००० रुपये. म्हणजे पगार कितीही असो, पेन्शनकडे महिन्याला जास्तीत जास्त १,२५० रुपये जातात.

फंड आणि पेन्शन ही दोन वेगळी खाती आहेत आणि त्यांचे स्वभावही वेगळे आहेत. फंडात पैसा साठतो, त्यावर व्याज चढतं, तो तुमचाच असतो. पेन्शनमध्ये मात्र वर्षं साठतात. अठ्ठावन्नाव्या वर्षी हातात काय पडणार हे तिथं किती रुपये भरले यावर ठरत नाही, किती वर्षं भरली यावर ठरतं. सूत्र साधं आहे: पेन्शनपात्र पगार गुणिले सेवेची वर्षं, भागिले ७०. सेवा किमान दहा वर्षं हवी. दहाच्या खाली राहिलात तर मासिक पेन्शन नाही.

आता नोकरी सोडतानाचं बघू. माणूस हिशेब घेतो तेव्हा त्याला पैशाची नड असते. मुलीचं लग्न ठरलेलं असतं, नाहीतर घराचं छप्पर करायचं असतं. फंडासाठी १९ नंबरचा फॉर्म आणि पेन्शनसाठी १०-सी, असे दोन्ही फॉर्म त्याच्यापुढे एकदम ठेवले जातात आणि तो दोन्हींवर सही करतो. हल्ली नेट कॅफेवाला मोबाइलवर ओटीपी मागतो आणि दोन्ही दावे एका बैठकीत टाकून देतो. त्याला त्याचे पैसे मिळाले, काम झालं. पण १०-सी या फॉर्मवर दोन पर्याय असतात. एक, पेन्शनचे पैसे काढून घ्या. दुसरा, स्कीम सर्टिफिकेट घ्या. स्कीम सर्टिफिकेट घेतलं की झालेली वर्षं तुमच्या नावावर शाबूत राहतात आणि पुढच्या नोकरीच्या वर्षांत मिळवली जातात. मध्ये दोन वर्षं घरी बसलात तरी चालतं. ती दोन वर्षं धरत नाहीत इतकंच, आधीची पुसली जात नाहीत. नड असेल तर फंड काढा, माझं काही म्हणणं नाही. पेन्शनच्या कागदावर मात्र स्कीम सर्टिफिकेटच मागा. आणि लगेच दुसरीकडे लागला असाल तर काहीच काढू नका, जुनं खातं नव्यात ट्रान्सफर करा.

यानं फरक किती पडतो ते एका मोल्डरच्या उदाहरणावरून सांगते. तो २००० साली लागला आणि २०२४ मध्ये अठ्ठावन्नाचा झाला. तीन कारखाने, प्रत्येक ठिकाणी आठेक वर्षं. समजा त्याचा पगार प्रत्येक वेळी मर्यादेइतका धरला गेला. पहिल्या दोन नोकऱ्या सोडताना त्यानं पेन्शनचा हिस्सा काढला. पहिल्या वेळी त्याला पन्नास हजारांच्या आसपास मिळाले, दुसऱ्या वेळी सव्वा लाखाच्या आसपास. ते पैसे कधीच संपले. अठ्ठावन्नाव्या वर्षी त्याच्या हाती तिसऱ्या नोकरीची आठ वर्षं तेवढी उरली, म्हणजे पेन्शन शून्य. त्यानं वर्षं जोडत नेली असती तर सप्टेंबर २०१४ पूर्वीची साधारण चौदा वर्षं ६,५०० च्या हिशेबानं आणि नंतरची दहा वर्षं १५,००० च्या हिशेबानं धरली असती. त्यावर वीस वर्षं पुरी झाल्याबद्दल दोन वर्षांची वाढीव सेवा. सगळं मिळून महिन्याला साडेतीन हजारांच्या वर पेन्शन बसली असती. ती आयुष्यभर मिळाली असती आणि त्याच्या माघारी निम्मी बायकोला. साडेतीन हजार म्हणजे काय मोठं, असं कोणी म्हणेल. ज्या घरात रक्तदाबाची आणि साखरेची गोळी एक दिवसाआड घेतली जाते, तिथं जाऊन विचारावं.

ही वीस वर्षांची पायरी फार कमी लोकांना माहीत आहे. १५,००० पगार धरला तर १९ वर्षांना ४,०७१ रुपये पेन्शन बसते आणि वीस पुरी झाली की ४,७१४. एका वर्षात सहाशेवर फरक, तोही कायमचा. सव्वाएकोणीसला राजीनामा खिशात घेऊन आलेल्या माणसाला मी नेहमी खुर्चीवर बसवून घेतलं आहे. दहाची पायरीही अशीच. सहा महिने किंवा त्याहून जास्त झाले की वर्ष पुरं धरतात, म्हणून साडेनऊ वर्षं झालेल्याला पेन्शन बसते. नऊ वर्षं चार महिने झालेल्याला नाही. पण बिनपगारी रजेचे दिवस सेवेतून वजा होतात, त्यामुळे अगदी काठावर थांबू नये.

पन्नाशीनंतर पेन्शन लवकर सुरू करता येते, आणि एजंट लोक तेच सुचवतात. अठ्ठावन्नाच्या आधीच्या प्रत्येक वर्षामागे ४ टक्के कापले जातात. पन्नासाव्या वर्षी घेतली तर पावहून जास्त हिस्सा जन्मभरासाठी जातो. उलट, काम चालू असेल आणि साठपर्यंत थांबता येत असेल तर दरवर्षी ४ टक्के वाढतात.

पासबुकाबद्दल दोन शब्द लिहिते, कारण यावरून माणसं विनाकारण घाबरतात. पासबुकात तीन रकाने असतात: आपला, मालकाचा आणि पेन्शनचा. खातं नव्या नोकरीत ट्रान्सफर केलं की पहिल्या दोन रकान्यांतली रक्कम पुढे जाते आणि पेन्शनच्या रकान्यात शून्य दिसतं. मग फोन येतो, "पेन्शन खाल्ली कुणीतरी." कोणी खाल्लेली नसते. पेन्शनचा पैसा इकडून तिकडे जात नाही, तिथं फक्त सेवा पुढे जाते. ती पाहायची तर फंड कार्यालयाच्या पोर्टलवर सर्व्हिस हिस्टरी उघडावी. तिथं प्रत्येक कारखान्याचं नाव, लागल्याची तारीख आणि सोडल्याची तारीख दिसली पाहिजे. सोडल्याची तारीख पुष्कळदा कोरी असते, कारण जुन्या मालकानं भरलेलीच नसते, आणि तेवढ्यावर दावा अडकतो. आधार, बँक आणि फंड या तिन्हीकडे नाव आणि जन्मतारीख एकच हवी. आमच्याकडे शाळेच्या दाखल्यावर एक तारीख, आधारवर १ जानेवारी किंवा १ जून, असा प्रकार सर्रास असतो. हे दुरुस्त करायचं ते चाळिशीत. अठ्ठावन्नाव्या वर्षी जुना कारखाना बंद पडलेला असतो आणि सही करायला कोणी सापडत नाही.

आता जे माझ्या मनाला सगळ्यात जास्त लागलेलं आहे ते लिहिते. माझ्या धाकट्या बहिणीचे यजमान एका छोट्या वर्कशॉपमध्ये लेथवर होते. नोकरीला चार वर्षंही झाली नव्हती आणि ते हृदयविकारानं गेले. पदरात दोन मुलं. वर्कशॉपच्या लेखनिकानं तिला सांगितलं, "दहा वर्षं झालेली नाहीत, पेन्शन बसत नाही. फंडाचे काय असतील ते घेऊन जा." तिनं ते खरं मानलं. का मानू नये? दहा वर्षांचा नियम सगळ्यांनी ऐकलेला असतो. पण तो नियम जिवंत माणसाच्या पेन्शनचा आहे. नोकरीत असताना माणूस गेला तर त्याची एका महिन्याची वर्गणी भरलेली असली तरी त्याच्या बायकोला पेन्शन मिळते. शिवाय दोन मुलांना, वयाची २५ वर्षं होईपर्यंत, विधवा पेन्शनच्या २५ टक्के प्रत्येकी. त्याखेरीज फंडाला जोडलेला विमा असतो. वर्षभर सलग नोकरी झालेली असेल तर आजच्या नियमानं किमान अडीच लाख आणि जास्तीत जास्त सात लाख रुपये. त्यासाठी कामगाराला वेगळा पैसा भरावा लागत नाही, सगळा मालक भरतो. बहिणीचा १०-डी, म्हणजे पेन्शन मागण्याचा फॉर्म मी स्वतः भरला. पेन्शन सुरू झाली. रक्कम लहान आहे, पण मुलांच्या शाळेची फी त्यातून गेली आणि तिला त्यासाठी भावाच्या दारात उभं राहावं लागलं नाही. माझ्यासारखं टाइम ऑफिसात काम केलेलं कोणी तिच्या घरात नसतं तर? मला तशा किती बायका असतील याचा विचार करून अस्वस्थ व्हायला होतं. आपल्या वाचकांत कोणाच्या ओळखीत अशी बाई असेल तर मृत्यूला बरीच वर्षं झाली असली तरी तिनं चौकशी करावी, एवढी माझी कळकळीची विनंती आहे.

ठेकेदाराकडच्या मुलांची अवस्था आणखी वाईट आहे. ठेकेदार बदलला की नवीन यूएएन (फंडाचा कायमचा नंबर), जुना कोणता होता ते आठवत नाही. काही ठिकाणी पगारातून कापतात आणि पुढे भरतच नाहीत. ठेकेदारानं भरलं नाही तर ज्या कारखान्यात काम चालतं त्या मुख्य मालकावर ती जबाबदारी येते, असं कायदा सांगतो. मुलांनी निदान दर महिन्याला मोबाइलवर जमा झाल्याचा संदेश येतो का ते बघावं आणि यूएएन एकच ठेवावा. याच्या उलट बाजूला माझा भाचा आहे. शिकलेला, इंजिनिअर, चांगल्या पगारावर. त्यालाही वाटत होतं की आपल्याला पेन्शन आहे. १ सप्टेंबर २०१४ नंतर जो पहिल्यांदा फंडात आला आणि त्या वेळी ज्याचा पगार १५,००० च्या वर होता, तो या पेन्शन योजनेत येतच नाही. त्याची सगळी रक्कम फंडात जाते. त्यानं आपल्या अंकातले गुंतवणुकीचे लेख जरूर वाचावेत, त्याला त्यांची खरी गरज आहे.

आता सरकारबद्दल. या योजनेतली किमान पेन्शन १ सप्टेंबर २०१४ पासून १,००० रुपये आहे. या पेन्शनला महागाई भत्ता नाही. अठ्ठावन्नाव्या वर्षी जो आकडा बसला तोच अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी. वाढीव पगारावरच्या पेन्शनचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला, ४ नोव्हेंबर २०२२ ला निकाल लागला, त्यावर रकानेच्या रकाने छापून आले. ते योग्यच होतं. पण किमान ७,५०० रुपये आणि महागाई भत्ता मिळावा म्हणून या पेन्शनधारकांनी बुलढाण्यात वर्षानुवर्षं साखळी उपोषण केलं, त्याला तेवढी जागा मिळाली नाही. त्यात आणखी एक अडचण आहे. आपल्या राज्याच्या श्रावणबाळ योजनेत ६५ वर्षांवरच्या निराधाराला महिन्याला १,५०० रुपये मिळतात, पण कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० च्या आत हवं. म्हणजे महिन्याला १,७५०. ज्याची कारखान्याची पेन्शन १,८०० आहे तो या मर्यादेच्या बाहेर गेला. आयुष्यभर भट्टीपुढे उभं राहून वर्गणी भरलेल्या माणसाला अठराशे रुपयांवर सोडून देणं मला न्यायाचं वाटत नाही. ती मर्यादा वाढवली पाहिजे आणि कारखान्याची पेन्शन तिच्यात धरू नये.

पेन्शन वाढत नाही हे ध्यानात घेऊनच फंडाच्या रकमेचं ठरवावं. निवृत्तीच्या महिन्यात घरी भलतेच पाहुणे येतात. कोणाला जागेत पैसे घालायचे असतात, कोणाची दामदुप्पट योजना असते. टपाल कार्यालयात आणि बँकेत ज्येष्ठ नागरिक बचत योजना आहे, तिथं ३० लाखांपर्यंत ठेवता येतात आणि दर तिमाहीला व्याज हातात येतं. मी माझे तिथंच ठेवले. याहून जास्त सल्ला देण्याइतकं मला कळत नाही.

फंड कार्यालयानं काही गोष्टी सोप्या केल्या आहेत, हेही लिहिलं पाहिजे. हयातीचा दाखला आता फक्त नोव्हेंबरातच द्यावा लागत नाही. वर्षात केव्हाही द्या, तिथून वर्षभर चालतो, घरबसल्या मोबाइलवर चेहरा दाखवूनही देता येतो. जानेवारी २०२५ पासून पेन्शन देशातल्या कोणत्याही बँकेच्या कोणत्याही शाखेत घेता येते. इतकं करता येतं, तर आणखी एक करावं. पेन्शनचा हिस्सा काढण्याचा दावा पोर्टलवर टाकला की पैसे देण्याआधी समोर मराठीत लिहून यावं: तुमची इतकी वर्षं झाली आहेत, आणखी इतकी झाली की तुम्हाला पेन्शन बसते, आत्ता काढलेत तर ही वर्षं जातील, तरीही काढायचे आहेत का? आणि कारखान्यांनी हिशेबाच्या कागदांबरोबर हाच मजकूर कामगाराला वाचून दाखवावा. मी तो वाचून दाखवत असे. त्याला पाच मिनिटं लागतात.

आपल्याकडे मागणं एवढंच आहे. महिन्यातून एकदा, पाव पानाची का होईना, जागा कामगारांच्या फंड आणि पेन्शनच्या प्रश्नांना द्या. रविवारच्या पुरवणीत नको, ती कारखान्यापर्यंत पोहोचत नाही. आमच्याकडे साप्ताहिक सुट्टी सोमवारी असते, त्या दिवशीचा अंक घरी निवांत वाचला जातो. प्रश्न आपल्याकडे आले तर उत्तरं लिहून द्यायला मी तयार आहे, त्याचं मानधन नको. पत्रासोबत माझा पत्ता आणि फोन नंबर दिला आहे, तो छापू नये.

आपली विश्वासू,
एक निवृत्त वेतन लिपिक
शिरोली, जि. कोल्हापूर